कोणाच्या दारी वाजवाले जायचं नाई

मी तिगावची. टेशनाच्या मागं आमचं घर होतं, बाप रेल्वे लाइनवर गिट्टी टाकाले जाये आन् माय लोकाच्या वावरात. माय निंदता निंदता गाणे म्हणे, तिच्या मागं मागं मीही म्हणो, पण काय सांगू तुम्हाले ताई, ते गाणे वावरातच राहून जायचे, धुऱ्यावर, बांधावर पाय ठेवला का चूप. मंग लगन झालं आन् पांढुर्ण्याले आली. आमच्या घरचे, म्हणजे माहा नवरा, जिनात कापसाच्या गाठी बांधत आन् घरी आले का बेंजो वाजवत. नवीन चालीचे गाणे सोताच जोडत.

मामंजीले, माह्या सासऱ्याले, तो बेंजो खपे नाई. काऊन, त आयका. त्याईचा बाप, आजा, सारे गावच्या लगनात डफडं वाजवत, वरातीच्या पुढं पुढं उन्हात, आन् जेवाले गोठ्याजवय बसत. बुद्धाची दीक्षा घेतली तवा मामंजीनं डफडं गावच्या जाम नदीत सोडलं. म्हणाले, आता या घरात वाजवणारा जन्माले येणार नाई. आन् सोताचा पोरगाच बेंजो घेऊन आला.

हे म्हणत, बाबा, ते लोकाचं होतं, हे आपलं आपल्यासाठी हाय, वस्तीत एक खोली बांधू, तथीसा बसून नवीन गाणे बसवू, बाया बी म्हणतीन. बाया बी म्हणतीन हे आयकलं आन् माहा जीव त्या खोलीत अटकला. संत्र्याच्या बगीच्यातून काम करून आली का डोक्यावर माती वाहो मी, सारा चैत वाहिली. भिंती झाल्या, वर टाकाले काई नाई. बगीच्याच्या मालकाच्या गोठ्याचे जुने टिन पडून होते, यायनं, माह्या नवऱ्यानं, मागितले, त्यानं हसत देल्ले. मामंजी म्हणे, त्याचे टिन डोक्यावर नको घेऊ रे. कोणी आयकलं नाई. आम्हाले वाटलं टिनाले काय जात रायते.

खोली उघडली त्या दिवशी मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, मालकाले मान म्हणून खुर्ची टाकली. हे बेंजोवर, दोन पोट्टे ढोलक आन् कोंगोवर, आन् मधात मी. वावरात सारा जनम वाकून गायली होती ताई, उभी राहून कधी नाई. त्या दिवशी गायली. मालक खुश झाला, म्हणे, लय चांगलं जमलं, वैशाखात माह्या पोराच्या वरातीपुढं हेच वाजवा, बाईलेही आना. वाईट नाई बोलला, मायेनंच बोलला. मामंजी बाहेर निंबाखाली बसून आयकून राहिले होते, ते उठून घरी गेले.

यायनं हात जोडले. मालक, आयकाले कवाही या, खुर्ची तुमचीच हाय, पण वाजवाले आम्ही कोणाच्या दारी जात नाई. तो म्हणे, बरं. दुसऱ्या दिवशी त्याचे माणसं आले आन् सारे टिन उतरवून घेऊन गेले, वस्ती नुसती पाहून राहिली. मंग बगीच्यात आमच्या वस्तीचं काम बंद. लोक आमच्यावरच उलटले, एक दिवस वाजवलं असतं त काय बिघडत होतं? ते दोघं पोट्टेही दुसऱ्या बेंजो पार्टीत वरातीत वाजवाले गेले. मी त्याईले नावं ठेवत नाई, त्याईच्या घरी चूल पेटत नव्हती.

वरातीच्या दिवशी हे त्या भिंतीच्या मधात उन्हात बसून. जेवत नाई, बोलत नाई. मले वाटे हा माणूस जीव देते का काय. म्या मामंजीले म्हटलं, मी जातो, एक गाणं म्हणतो वरातीत आन् टिन मागून आनतो, मंग मले मारा, पण आता जाऊ द्या. पाय धरले त्याईचे. मामंजी उठले. त्या खोलीत कधी पाय न टाकलेला माणूस, आत जाऊन मातीवर बसला. म्हणे, ज्याले आयकायचं तो इथं येऊन बसते. मी आलो. म्हण.

म्या म्हटलं. वरात नदीपलीकडच्या सावरगावाकडून येऊन राहिली होती, तिच्या बेंजोत माहा आवाज मलेच आयकू येत नव्हता, मामंजीले कितीक आला काय मालूम. मान खाली घालून बसले होते. यायनं बेंजोले हात लावला नाई. गाणं संपलं तरी कोणी उठलं नाई.

पावसात त्या भिंती बसल्या. पोटासाठी आम्ही सौसरकडे निघून गेलो, मामंजी तथीसाच वारले, मंग हेही गेले. पुन्हा कोणी खोलीचं नाव काढलं नाई. तुम्ही म्हणता, त्यातलं एक म्हणून दाखवा. नाई ताई, गया गेला आता, आवाज निघत नाई. आजकालच्या पोरी टेजवर उभ्या राहून गातेत, गाऊ द्या, भलं हो त्याईचं. मी त्या खोलीत दोन खेपा गायली. पहिल्या खेपेस सारी वस्ती आयकाले होती, दुसऱ्या खेपेस मामंजी. मले दुसरीच आठवते.