आत्या लेगसीत बसत नाही

नाही, मला एक सांगा, आत्या म्हणजे कोण असते हो? शेजारीण? पोस्टमन? रस्ता चुकून घरात शिरलेली बाई? कारण त्या ॲडमिशन ऑफिसच्या बाईने मला फोनवर, अगदी साखरेत घोळवून काय सांगावं? "आय ॲम सो सॉरी मॅम, ॲन आन्ट इज नॉट फॅमिली फॉर धिस पर्पज." फॉर धिस पर्पज! म्हणजे मी कुठल्या पर्पजला फॅमिली आणि कुठल्या पर्पजला नाही, याची यादीच आहे त्यांच्याकडे... मग मी कोण?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल ही रत्ना उगाच तडतडतेय. माझा धाकटा भाऊ प्रसाद, त्याची बायको चैत्राली, आणि त्यांच्या दोन मुलींतली थोरली आन्या, वय वर्षं सतरा. सगळे इथेच, बेलव्ह्यूला, माझ्या घरापासून गाडीने सात मिनिटं. तर आन्याने गेल्या ऑक्टोबरात कॉलेजचे अर्ज भरायला घेतले, आणि त्यातलं एक कॉलेज माझं! हो, माझं! मी तिथून मास्टर्स केलंय. नाव सांगत नाही, आन्याने शपथ घातलीय. पण तुम्हाला सांगते, मला इतका आनंद झाला की मी रविवारी सकाळी पोहे घेऊन त्यांच्या घरी हजर.

आता इथे काय असतं, आईबाप ज्या कॉलेजात शिकले तिथे पोराने अर्ज केला की काही कॉलेजं पोराला जरा झुकतं माप देतात. त्याला म्हणतात लेगसी. मी म्हटलं, चला, इतक्या वर्षांत माझ्या डिग्रीचा घरच्यांना काहीतरी उपयोग! प्रसादने लॅपटॉप उघडला. "ताई, इथे फादर आहे, मदर आहे, ग्रँडपेरेंट आहे... आन्ट नाहीये गं." मी म्हटलं, "खाली बघ." म्हणाला, "खाली सबमिटचं बटण आहे."

आजोबा चालतात! माझ्या बाबांनी अकोल्यात आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला, बर्फ फक्त फ्रीझरमध्ये पाहिला, पण ते तिथे शिकले असते तर चालले असते. आणि मी, जी त्या बर्फात दोन वर्षं नाक लाल करून फिरले, ती चालत नाही! मग मी कोण?

म्हणून सोमवारी लंच टाइममध्ये पार्किंग लॉटमध्ये बसून मी फोन लावला. ती बाई म्हणाली, "ओन्ली पेरेंट्स अँड ग्रँडपेरेंट्स, मॅम." मी म्हटलं, बाई, या पोरीला के.जी.पासून शाळेतून मी आणते. शाळेच्या पिकअप लिस्टवर माझं नाव आहे. गाडी मी शिकवली, माझा डावीकडचा आरसा तिने मोडला, तो मी अजून टेपने चिकटवून फिरवतेय. आणि ऐका, आमच्यात बाळाचं नाव कोण ठेवतं माहितीये? आत्या! बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या! म्हणजे तुमच्या फॉर्मवर पहिल्याच रकान्यात जे नाव आहे ना, ते मी ठेवलंय! मी नसते तर तुम्ही तो अर्ज कुणाच्या नावाने उघडला असता?

तर ती म्हणते, "दॅट्स सो ब्यूटिफुल, मॅम. इज देअर एनीथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ?"

एनीथिंग एल्स! मी गप्प बसणारी नाही. त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. तीन पानं! सोबत एक तक्ता, कारण इंग्रजीत एकच शब्द, आन्ट. त्यात आत्या, मावशी, मामी, काकू सगळ्या एकत्र कोंबल्यात, कोण कुणाची कसं कळणार त्यांना? पत्र प्रिंट करायला मी प्रसादकडे गेले, आणि प्रिंटरपाशी नेमकी आन्या उभी. तिने पानं उचलली, वाचली, तिन्ही वाचली.

"आत्या, नो. आय डोन्ट वॉन्ट धिस."

मी म्हटलं, "अगं, हक्काचं आहे."

"कसला हक्क? लास्ट इयर तू त्या मुलीचा इंटरव्ह्यू घेतला होतास ना? जिच्या घरात कुणीच कॉलेजला गेलं नाही? तू घरी येऊन सांगत होतीस, शी वॉज द बेस्ट वन. तिने या लेगसीच्या बॉक्समध्ये काय लिहायचं, आत्या?"

हे सांगायचं राहिलं. मी नऊ वर्षं, माजी विद्यार्थिनी म्हणून, त्या कॉलेजसाठी इथल्या अर्ज केलेल्या मुलांचे इंटरव्ह्यू घेते. कॉफी शॉपमध्ये बसायचं, पोरांशी तासभर गप्पा मारायच्या, रिपोर्ट पाठवायचा. वर्षातलं माझं सगळ्यात आवडतं काम! आणि ती मुलगी... अहो, ती मुलगी खरंच हुशार होती. मी पण तिथे गेले तेव्हा माझं तरी कोण होतं? पण मी हार मानली नाही हं! म्हटलं, "तुझं तत्त्व बरोबर. मग काढायचं तर सगळ्यांचं काढा, आजोबांचंही काढा! आजोबा आत आणि आत्या बाहेर, हे मी खपवून घेणार नाही!" आन्या हसली आणि पत्र घेऊन वर निघून गेली. तीनही पानं. परत दिली नाहीत.

बरं, संपलं म्हणता? जानेवारीत त्याच कॉलेजची ईमेल. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांसाठी नवा फॉर्म: यंदा तुमचं कुणी जवळचं नातेवाईक अर्ज करतंय का? असेल तर तुम्हाला यंदा कुणाचाच इंटरव्ह्यू घेता येणार नाही. आणि जवळचं म्हणजे कोण, तर मुलं, भावंडं, आणि... भाचे-भाच्या!

मी ईमेल चारदा वाचली. अरे! फायदा द्यायचा तेव्हा मी परकी, आणि काम काढून घ्यायचं तेव्हा जवळची? मग मी कोण? एकदाचं ठरवा ना!

चैत्राली म्हणाली, "ताई, सरळ 'नो' करा. त्यांनीच सांगितलंय ना, तुम्ही फॅमिली नाही म्हणून!" मुद्दा चोख होता. माझा कर्सर 'नो'वर गेलाही. पण तुम्हाला सांगते, बोट दाबेना. मी त्या पोरीची कुणी नाही, हे मी माझ्या हाताने लिहून देऊ? त्या बाईने म्हणावं, मी नाही म्हणणार! खटकन 'येस' दाबलं. खाली नातं विचारलं होतं. लिहिलं, आत्या. आन्ट नाही, आ-त्-या! शोधू देत अर्थ. नऊ वर्षांचं काम गेलं त्या सीझनपुरतं. जाऊ दे. पण त्या कॉलेजच्या कागदावर मी तिची नातेवाईक आहे, लेखी आहे!

मार्चमध्ये निकाल. मिळाली! माझ्या कॉलेजात ॲडमिशन, स्वतःच्या जोरावर, कुणाचा टेकू नाही! मी किंचाळले, प्रसाद रडला, मी कपाटातून माझा जुना कॉलेजचा मफलर काढून तिच्या गळ्यात घातला. तिने तो हळूच काढला, घडी केली, माझ्या मांडीवर ठेवला.

"आत्या, रागावू नको. मी पेनसिल्व्हेनियाला जातेय, स्टेट कॉलेजला."

"अगं, पण का? तिथे आपलं आहे कोण?"

"कुणीच नाही! दॅट्स द पॉइंट. तू गेलीस तेव्हा तुझं तरी कोण होतं? आपल्या घरातून तिथे जाणारी मी पहिली."

सगळं माझंच ऐकून मोठी झालीये ना! मी मफलर परत कपाटात टाकला आणि म्हटलं, जा बाई, जा. उद्या तुझ्या बहिणीची पोरं तुझ्याच कॉलेजात अर्ज करतील ना, तेव्हा फोन लावून विचार त्या ऑफिसला, मावशी चालते का म्हणून... आणि काय म्हणाले ते मला कळव. तोवर माझ्या आरशाचं तेवढं बघ.