क्विंदे मोजायला आलेले पाहुणे

आदरणीय अध्यक्षा आणि आपल्या पंचायतीच्या प्रमुख सेन्योरा रोसारिओ माकास. व्यासपीठावर विराजमान फादर एलादिओ. पर्यावरण खात्यातर्फे एवढा घाट चढून आलेले इंजिनिअर लुदेन्या. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते डॉन निकानोर सारांगो आणि त्यांच्या पत्नी डोन्या सेनाइदा. आतल्या चुलीपाशी अजून मका उकडत बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, बँडवाल्यांनो, आणि सिसापांब्याच्या सर्व गावकऱ्यांनो,

मागच्या बाकांवरच्या तरुण मंडळींनी फोन खिशात ठेवावेत. तुमच्यातल्या बहुतेकांना मी निसर्गविज्ञान शिकवलं आहे. शाळा सुटली म्हणून माझी नजर सुटलेली नाही.

डॉन निकानोर आज दुपारच्या बसनं खाली समुद्रकाठी, माचालाला, लेकीकडे राहायला जात आहेत. कायमचे. अशा प्रसंगी गौरव करायचा असतो, आणि गौरवाला विषय कमी नाहीत. चीजचा कारखाना त्यांनी काढला. पाण्याची नळयोजना त्यांच्यामुळे आली. सान रोकेच्या उत्सवाचं यजमानपद त्यांनी तीनदा घेतलं, आणि तिन्ही वेळा गावजेवणाला आलेल्या माणसाला वाढलेलं संपलं नाही, तो ताटात शिल्लक टाकून उठला. हे सगळं माझ्या आधीचे वक्ते बोलले आहेत. फादर तर दोनदा बोलले. मला बोलायचं आहे ते डॉन निकानोर यांच्या चौथ्या यजमानपदाबद्दल. त्याबद्दल या सभागृहात कुणी बोलत नाही.

आपल्या बिशपबद्दल बोलते आहे मी. फादर, दचकू नका, तुमच्या नव्हे. गळ्यावर जांभळा पट्टा असलेला आपला क्विंदे. पुस्तकातला हमिंगबर्ड. खऱ्या बिशपच्या झग्यासारख्या त्या जांभळ्या पट्ट्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांनी त्याला बिशप म्हटलं आणि तेच नाव राहिलं. वरच्या उतारावर चुकिराग्वाची झुडपं आहेत, त्यांच्या नारिंगी फुलांवर तो जगतो. दुसरीकडे कुठे जगत नाही. तो उतार सोन्याच्या खाणीसाठी मागितला गेला, तेव्हा खात्यानं सरळ उत्तर दिलं होतं : हा पक्षी धोक्यात आहे असं ठरलं तर कायदा उताराला हात लावू देणार नाही. मात्र तसं ठरवायला समिती येईल, स्वतःच्या डोळ्यांनी पाहील आणि निकाल देईल.

आणि पक्षी धोक्यात आहे असं ठरवा, हा अर्ज खात्याकडे कोणी केला होता? डॉन निकानोर यांनीच. हे तरुणांनी नीट ऐकून ठेवावं. पक्षी वाचावा म्हणून सगळ्यात आधी धडपडलेला माणूस तो हाच.

मग गावाची सभा भरली. याच सभागृहात. समिती येणार, तर तिचं स्वागत कोण करणार? आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की यजमान नेमायचा, ही रीत. यजमान गाय विकेल, शेत गहाण टाकेल, पण पाहुण्याला काही कमी पडू देणार नाही. ‘त्यांच्या घरी कमी पडलं’ एवढं एक वाक्य पसरलं तर ते नातवंडांच्या लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. सभेनं एकमुखानं डॉन निकानोर यांचं नाव घेतलं.

मी उभी राहिले. म्हटलं, "अहो, ही माणसं उत्सवाला येत नाहीत. आपल्याकडे काय कमी झालं आहे ते बघायला येताहेत."

कासिमिरोआजोबा पुढच्या बाकावर होते, देव त्यांना शांती देवो. ते म्हणाले, "बाई, पाहुण्याला कमी दाखवायचं? उद्या म्हणाल, अंथरायला फाटकी घोंगडी काढा!"

"तुम्ही खडू-फळ्याचं बघा बाई," मागून कुणीतरी ओरडलं. कोण ते मला माहीत आहे. तो आज पहिल्या रांगेत बसला आहे.

"पण पक्षी दिसलाच नाही तर?" एका बाईनं विचारलं.

तेव्हा डॉन निकानोर उठले, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "माझ्या यजमानपदात पाहुणा बिशपचं दर्शन घेतल्याशिवाय परत जाणार नाही. शब्द देतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी बसले.

त्या वर्षी कडाक्याची थंडी पडून वरचा फुलोरा करपला होता. पक्षी भुकेले होते. डोन्या सेनाइदांनी हंडाभर पाण्यात गूळ विरघळवला, बाटल्या भरल्या, लेकीच्या लग्नातल्या उरलेल्या लाल रिबनी त्यांना बांधल्या आणि चर्चपासून गिरणीपर्यंत प्रत्येक दारावर एकेक बाटली टांगली. आले की हो सगळे! उतारावर जेवढे उरले होते तेवढे सगळे खाली गावात आले.

समितीचे प्रमुख होते डॉक्टर मोस्कोसो. एक गोष्ट आजच स्पष्ट करते, कारण मागून नाही नाही ते बोललं गेलं. त्या माणसानं कुणाचा पैसा खाल्ला नाही. तो फक्त जेवला. गाडीतून उतरल्यापासून त्याच्या हातात गरम पेला, समोर पाहुण्याच्या मानाचं भाजलेलं गिनीपिग, मागे बँड. आणि दारादारातून जाताना तो प्रामाणिकपणे विचारत होता, "इथे किती येतात?"

"किती? अहो डॉक्टर, झोपू देत नाहीत!"

"आमच्याकडे शेजाऱ्यांपेक्षा जास्त!"

"त्यांचं काय ऐकता? खरे बिशप आमच्या अंगणात येतात!"

डॉक्टरांनी कासिमिरोआजोबांना विचारलं, "आजोबा, तुमच्या लहानपणापेक्षा आता कमी झालेत का?" आजोबा छाती पुढे काढून म्हणाले, "सिसापांब्यात कधीच काही कमी झालेलं नाही."

आता पाहा. शेपटीचं एक पीस तुटलेला एक नर होता. तो मला चर्चपाशी दिसला. गिरणीपाशी तोच, डॉन निकानोर यांच्या ओसरीवरही तोच. छपरावरून उडून तो आमच्या आधी पुढच्या बाटलीवर पोचत होता. मी म्हटलं, "डॉक्टर, हा मघाचाच आहे. तुम्ही त्याला पुन्हा पुन्हा मोजताय."

डॉक्टर हसले. "सेन्योरा, इतक्या वेगानं उडणारे सगळेच एकसारखे दिसतात."

आणि डॉन निकानोर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कोमाद्रे, पाहुण्यांना जेवू द्या की." मी त्यांच्या लेकीची धर्ममाता. या नात्यानं त्यांनी मला हाक मारली की मी सहसा वाद घालत नाही. पण त्या दिवशी घातला. त्यांनी हात जोडले, आणि बँडला वाजवायची खूण केली.

निकाल चौकात वाचून दाखवला गेला. ‘सदर पक्षी गावपरिसरात सर्वत्र व मुबलक आढळतो. त्यास संरक्षणाची आवश्यकता नाही.’ तुम्हाला आठवतं का आपण काय केलं? आपण टाळ्या वाजवल्या. ‘मुबलक’ हा शब्द ऐकला आणि आपल्याला वाटलं, आपली तारीफ झाली. डॉन निकानोर यांनी टोपी काढून मान झुकवली. मग टाळ्या थांबल्या. एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला, आणि कुणी कुणाकडे न बघता आपण घरी गेलो.

पुढचं सांगायला नको. उतारावर यंत्रं चढली. चुकिराग्वाचं झुडूप वाढायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, उपटायला यंत्राला एक फेरी पुरते. वरचा अर्धा उतार गेला. खडकाखालचा अर्धा उरला आहे, आणि त्याचीही मागणी आलेली आहे.

डॉन निकानोर यांना निरोप द्यायचा तो खरं तर यापुढे त्यांनी जे केलं त्यासाठी. हा माणूस गप्प घरी बसू शकला असता. दोष डॉक्टरांवर, कंपनीवर, थंडीवर टाकायला सगळं गाव तयार होतं. तो पुन्हा अर्ज घेऊन प्रांताच्या कचेरीत, लोहाला गेला, तिथून राजधानीत, कीटोला गेला. सुनावणीच्या दिवशी डोन्या सेनाइदा सोबत होत्या. त्यांनी मला जसं सांगितलं तसं सांगते.

साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही समितीला फसवलंत?"

"नाही साहेब. पाहुणचार केला."

"एकच की ते."

"आमच्याकडे नाही, साहेब."

"बरं. मग खरं काय ते आता सांगा. तुमच्याकडे हे पक्षी किती आहेत?"

डॉन निकानोर यांनी पाणी मागितलं. प्यायले. टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. आणि परक्या शहरात, परक्या माणसांसमोर म्हणाले, "आमच्या घरी कमी आहे, साहेब. तेव्हाही कमीच होतं."

डोन्या सेनाइदा म्हणाल्या, "बाई, मी त्यांना बाप गेला तेव्हा पाहिलंय, पण तेव्हाही ते इतके वाकले नव्हते."

त्या एका वाक्यावर पहिला निकाल बाजूला ठेवला गेला. पण कायद्याचा दुसरा प्रश्न असा आला की, जो पक्षी आहे त्याचं संरक्षण होतं. नसलेल्याचं कसं करायचं? मागच्या फुलोऱ्यापासून तो कुणाला दिसलेला नाही. तेव्हा हा फुलोरा संपेपर्यंत तो खालच्या उतारावर जिवंत असल्याचा पुरावा द्या, एक फोटो पुरे, इंजिनिअर लुदेन्या स्वतः खात्री करतील. पुरावा मिळाला तर उरलेला उतार वाचला. नाही मिळाला तर अर्ज निकाली. बरोबर बोलते ना, इंजिनिअर? मान डोलावताहेत.

आणि आता, सिसापांब्याच्या माझ्या प्रेमळ गावकऱ्यांनो, तुम्ही काय चालवलं आहे?

डॉन निकानोर सकाळी दारात बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "दिसला का?" आणि तुम्हाला त्यांचा चेहरा बघवत नाही. म्हणून तुम्ही म्हणता, "हो हो, काल खडकापाशी होता." "जांभळं काहीतरी चमकलं बघा." "माझ्या बायकोनं पाहिला, शपथ!" दुःखी माणसाला रित्या हातानं पाठवायचं नाही, हा आपला धर्म. त्या बातम्यांवर इंजिनिअर दोनदा वर जाऊन आले. काही मिळालं नाही. त्यांनी मला सांगितलं आहे, "बाई, आणखी एकदा येईन. त्यानंतर माझे वरिष्ठ मला पाठवणार नाहीत." त्यांचंही चूक नाही. ‘लांडगा आला रे’ ही आरोळी किती वेळा ऐकायची माणसानं?

आणि डॉन निकानोर? त्यांचं हृदय अशक्त आहे, चढायचं नाही, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलेलं. तुमची बातमी आली की हा माणूस काठी घेऊन उतार चढायचा. मागच्या महिन्यात कुणीतरी मोठ्या मायेनं सांगितलं की जोडी दिसली. जोडी! ते पहाटे एकटे वर गेले आणि संध्याकाळी त्यांना घोंगडीत घालून खाली आणावं लागलं. म्हणून ते आज माचालाला निघाले आहेत. हवा बदलायला नव्हे. इथे राहिले तर तुमची माया त्यांना मारील म्हणून. ज्यानं ती जोडी पाहिली त्यानं हात वर करू नये; मला नाव माहीत आहे, आणि त्याचा हेतू चांगला होता हेही माहीत आहे. आपले हेतू नेहमीच चांगले असतात.

डोन्या सेनाइदा, रडू नका. माझं संपत आलं.

मी या आठवड्यात रोज खालच्या उतारावर गेले. माझे गुडघे कसे आहेत ते तुम्ही जिना चढताना पाहिलंत. फुलोरा यंदा चांगला आहे. मधमाश्या आहेत, काळे क्विंदे आहेत, हिरवे आहेत. बिशप मी पाहिला नाही. डॉन निकानोर, बस सुटताना तुम्ही मला विचारणारच, म्हणून सगळ्यांसमोर आत्ताच सांगते : दिसला नाही. फुलोरा संपेपर्यंत मी जात राहीन. दिसला, फोटो निघाला, इंजिनिअरांनी पाहिला, तर त्याच दिवशी लेकीच्या घरी फोन करीन. फोन आला नाही तर समजून घ्या, आणि मला विचारू नका.

बाकीच्यांना एकच विनंती. थोड्या वेळानं तुम्ही त्यांना मिठी मारायला जाल. ते तुमचा हात धरून विचारतील. त्यांना बरोबर चीज द्या, मका द्या, शाल द्या. पण विचारलं की "नाही" म्हणा. फार जड जाईल, मला ठाऊक आहे. एवढा एक शब्द आपण तेव्हा पाहुण्यांना दिला असता, तर आज हा समारंभ नसता.

अध्यक्षांनी मला ठरल्यापेक्षा जास्त वेळ दिला, चुलीपाशी बसलेल्या बायकांनी तोवर जेवण गरम ठेवलं, बँडवाल्यांनी मध्येच वाजवायचा मोह आवरला, आणि डॉन निकानोर व डोन्या सेनाइदांनी हे सगळं मान ताठ ठेवून ऐकलं. मी सर्वांची आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला नसेल, कुणाचं नाव घ्यायचं सुटलं असेल, किंवा निरोपाच्या दिवशी माझा आवाज चढला असेल, तर मला मोठ्या मनानं क्षमा करा. मात्र पक्षी दिसला नाही असं मी म्हणाले, त्याची क्षमा मागत नाही. तेवढी एकच भेट आज मी त्यांच्यासाठी आणली होती.