घरची पक्कड

गोंदियाच्या दाताच्या दवाखान्यात माझ्यासमोर मुर्रीचे केशोराव गाल धरून बसले होते. त्यांच्या बायकोनं, अनुसयाबाईनं, पिशवीतून पक्कड काढून सिस्टरपुढे धरली.

"बाई, यायची दाढ हिनंच काढा. दुसऱ्याच्या तोंडातली मले नाई चालत."

"आजी, आमची अवजारं घासून धुतो, पाकिटात बंद करतो, मग मशीनमध्ये वाफ देतो. पाकिटावरची ही पट्टी काळी झाली, म्हणजे सगळे जंतू मेले."

"वाफच ना? मीबी कुकरात तीन शिट्ट्या देल्या."

"पक्कडीला?"

"हव!"

केशोरावांनी गाल सोडला. "काऊन वो, हे तं माह्या सायकलची पक्कड होय! चेन काढाची!"

"म्हणून तं तीन. नाईतर दोनच देल्या असत्या."

"आजी, आधी धुतली होती का?"

"कायले? शिट्टीत सारं मरते."

"थांब वो. सकाळी तं तू एकच कुकर लावला होता. वरणाचा."

"मंग? पक्कडीसाठी अलग गॅस जाळू?"

"सिस्टर, दाढ राहू द्या जी. आधी पोट पाहा माहं."

"आता पोट काऊन धरता? आज वरणाले चव आहे म्हणून दोन वाट्या मांगून पेल्ल्या ना तुमी!"