तेराव्याआधीचं लग्न

फ्लूची लस द्यायला एका आजोबांना बोलवायचं म्हणून नर्स अस्मिता बाहेर आली आणि हॅमिल्टनच्या त्या दवाखान्यात मराठी ऐकून दारातच थबकली.

"इंग्लंडच्या राजांची मालिका लागली की तुम्ही घोरायला लागता," शेजारी बसलेल्या आजी आजोबांना म्हणत होत्या.

"मग तूच सांग. त्या सहा राण्यांच्या हेन्रीच्या दुसरीचं काय झालं?"

"डोकं उडवलं. अकराव्या दिवशी तिसरी आणली. तेराव्याचीसुद्धा वाट बघितली नाही मेल्यानं."

"आणि चौथी?"

"पसंत पडली नाही, म्हणून वाडा देऊन मोकळी केली. सुटली बिचारी. पण तुम्ही रोज झोपता कसे?"

"झोपतो कुठे? मुद्दाम घोरतो. टीव्हीवाल्याच्या गोष्टीत तेरावा येत नाही."

आजींनी हसत त्यांना कोपरानं ढोसलं.

"आजोबा, येताय ना आत?"

"थांब गं पोरी, अजून दोन राण्या राहिल्यात."

अस्मितानं खुर्ची ओढली.