दोन टक्के गगनाला भिडले

(बेसा. परदेशी नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची शिकवणी; गुण नऊपैकी. नर्स असलेली मयुरा निकाल घेऊन आली आहे.)

चेतन सर: फोन उचलत नव्हतीस, तेव्हाच समजलो. रायटिंगला परत साडेपाच ना?

मयुरा: सात आले, सर.

चेतन सर: सात? तुला? दाखव. म्हणजे माझी वाक्यं पाठ केलीस एकदाची! गावाकडच्या पोरींना उशिरा कळतं, पण कळतं. फोटो दे, बाहेर फ्लेक्सवर लावू.

मयुरा: पाठ तं पहिल्याच वेळी केली होती. साडेपाच त्याचेच आले.

चेतन सर: काय बोलतेस?

मयुरा: ग्राफ पाहून त्याचं वर्णन लिहायचं होतं. त्यात चहा पिणारे दोन टक्के वाढले होते. मी तुमचं वाक्य टाकलं, 'ड्रमॅटिकली स्कायरॉकेटेड'. दोन टक्के गगनाले भिडतात का, सर?

चेतन सर: छाप पडायला असं लिहावं लागतं. तुला नाही समजणार ते.

मयुरा: अन् अठराच्या अठरा आकडे उतरवले. एकही सोडू नको, तुमीच म्हटलं होतं.

चेतन सर: मग या वेळी काय दिवे लावलेस?

मयुरा: ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरले सांगतो, तसं लिहिलं. आम्ही दिवसभराचा ताप वाचून नाही दाखवत. 'दुपारी चढला, एकशे तीनपर्यंत गेला, संध्याकाळून उतरून राहिला.' आधी मोठी गोष्ट, मग कामाचे दोन-तीन आकडे.

चेतन सर: ताप! परीक्षा आहे का दवाखाना? पेपर सोपा आला असेल.

मयुरा: माह्यासंगच्या नर्सले, करिष्माले, तोच पेपर होता. तुमची वाक्यं लिहून आली. साडेपाच. आयर्लंडची नोकरी गेली तिची.

चेतन सर: ती मठ्ठच आहे.

मयुरा: वॉर्डात माह्यापेक्षा हुशार आहे ते. सहा महिने इथं मागच्या बाकावर बसली. तुमी एकदा तरी उभं केलं तिले?

चेतन सर: मला शिकवू नको. फोटो देतेस का नाही?

मयुरा: नाही देत. तिच्या वह्या न्यायले आली मी.

चेतन सर: घेऊन जा. सांग तिला, नवी बॅच सोमवारी.

मयुरा: सोमवारी ते माह्याकडं येऊन राहिली.

चेतन सर: वा! आता तू शिकवणार?

मयुरा: शिकवत नाही, सर. ग्राफ तिच्यासमोर ठेवीन अन् विचारीन, तुले काय दिसते. हे तिले अजून कोणी विचारलंच नाही.