एकशे बारा नंबरचं झाड

नाही दादा, त्याला हात लावू नका. बाकीची तीन कापा, तुमच्या करवतीला आज तेवढं काम पुरे — ह्याच्याकडे मी बघते म्हटलं ना. हो, कीड लागल्याची चिठ्ठी मीच पाठवली. झाडांचे नंबरही मीच लिहिले, अक्षर माझंच आहे, नाही कुठे म्हणतेय? पण मला वाटलं चिआंग माईहून तुम्ही औषध घेऊन याल — बाटली, सुई, काहीतरी. करवत घेऊन याल हे माहीत असतं तर एकशे बारा लिहिलंच नसतं. — खोटेपणा? बरं, खोटेपणा म्हणा.

बसा ना जरा, चढून आलात. पाच वर्षांपूर्वी इथे नुसता मका होता, खारसुद्धा फिरकायची नाही. मी आणि पुनूनं — नवरा माझा — वरच्या जंगलातल्या ओकची फळं वेचली, पाण्यात टाकली, तरंगली ती फेकली, बुडाली ती पेरली. आता भेकर येतं. मागच्या महिन्यात मोठी काळी खार आली होती, मी आनंदानं ओरडले तशी पळून गेली — असं माझं सगळं. उगीच वेळ काढतेय का मी? हो, काढतेय.

या, मागच्या बाजूनं या. ती वेल बाजूला करा — हळू! बांबूचं नळकांडं दिसलं? त्यात माझ्या पोरीची नाळ आहे. पॉ वा, दोन वर्षांची. तुम्ही शहरातली माणसं, हसाल — नाही हसलात? बरं. आम्हा कारेन लोकांत नाळ गळली की बाप ती झाडाला बांधतो. त्या दिवशी गावातलं कोणी शेतावर जात नाही, आणि ते झाड पुढे कोणी तोडत नाही, पोरीचा जीव त्याला टेकलेला असतो म्हणून. झाड कसं हवं? तर थोराड, कवेत न मावणारं. आणि हे? तेव्हा माझ्या मनगटाएवढं होतं.

ह्याला बांधायचं मीच म्हटलं. पुनू सात दिवस वणवा विझवत होता, पाय भाजून घरी आला, वरचं जंगल अजून धुमसत होतं. सासूबाई म्हणाल्या, थांबा, विझेल, नाळ काही पळून जात नाही. मला कुठला धीर! मी पुनूला म्हटलं, तिथली झाडं दर उन्हाळ्यात होरपळतात, हे तर आपण लावलेलं, चुलीपाशी बसलं तरी दिसतं. त्यानं ऐकलं, आणि आईला सांगितलं, वरच्या मोठ्या ओकला बांधली. दोन वर्षं झाली. रोज सकाळी सासूबाई पायरीवर उभ्या राहून डोंगराकडे बघत पोरीसाठी पुटपुटतात, आणि मी खाली मान घालून भात ढवळते.

किड्यांनी खोड पोखरून पाडलेला भुसा मला पाच आठवड्यांपूर्वी दिसला. — हो, पाच. चिठ्ठीत 'काल' लिहिलंय, माहितेय मला. रोज येऊन बुंध्यापाशी पडलेला भुसा हातानं झाडून टाकत होते. भोकात तार घातली, तंबाखूचं पाणी ओतलं. शेजारची तीन किडली तेव्हा लिहिलं. आणि दादा, खोडकिड्यावर गावाला भाषण मीच दिलं होतं, तक्ता टांगून — लागलेलं झाड त्याच दिवशी कापा, जाळा. वर सगळ्यांना चहा पाजला होता.

अकरा दिवस पोरीला ताप आहे. डॉक्टर म्हणाले कान. कानच आहे, पू मला दिसतो, औषध चालू आहे, मी काही अडाणी नाही. पण काल उतरला होता, आज सकाळी परत चढला, आणि तेवढ्यात खाली गाडीतून तुम्ही करवत काढलीत — आता मी काय समजायचं, सांगा?

कळतंय मला. अडीचशे झाडं आहेत. किड्यांना पंख फुटले की एकही राहायचं नाही. कापायलाच हवं. पण आधी पोरीचा जीव बोलावून घ्यावा लागतो — कोंबडी लागते, मनगटाला दोरा लागतो, मग नाळ दुसऱ्या झाडाला. ते काम घरातल्या थोरल्या बाईचं. म्हणजे सासूबाईंचं. म्हणजे त्यांना सांगणं आलं. संध्याकाळी पुनू येईल, तो सांगेल — तुम्ही उद्या या ना. आजच? अर्ध्या दिवसानं काय होणार आहे? — हो, पाच आठवडे मीच घालवले. मीच.

थांबा. वाटेनं कोण येतंय ते? सासूबाई. पाठीला पोर बांधलीय. गुडघ्यांपायी झऱ्याच्या पुढे येत नाहीत त्या कधी. आणि काखेत — दादा, काखेत कोंबडी आहे. मी तर अजून काहीच सांगितलं नाही. वरच्या जंगलाची वाट सोडली त्यांनी. इकडेच वळल्या. कुणाला न विचारता, सरळ ह्याच झाडाकडे —

करवत खाली ठेवा. आणि आता एक शब्द बोलू नका.