जागा झाली की लावा

राखणदार : लावली की ताई. जागा झाली तशी लगेच लावली. सकाळचं ऊन येतं म्हणून पोर्चमध्ये घेतली, काचसुद्धा पुसून ठेवलीय.

पाहुणी : काका, चार्जिंगला लावायची होती. रात्रभर.

राखणदार : तुम्ही म्हणालात, "जागा झाली की गाडी लावून ठेवा." चावी हातात दिलीत आणि वर गेलात.

पाहुणी : चार्जरपाशी जागा झाली की, असं. तिथे दुसऱ्या कुणाची गाडी होती ना.

राखणदार : अरे देवा. मला वाटलं, पार्किंगचं बोलताय. या हॉटेलात आल्यागेल्याला मी हेच विचारत असतो, गाडी नीट लावली का म्हणून. वायर तर पाहुणे आपली आपण जोडतात.

पाहुणी : बॅटरी संपत आली म्हणून तर इथे मुक्काम केला. आता जोडली तरी दुपार होईल.

राखणदार : दुपारी निघून चालणार नाही?

पाहुणी : आज सकाळीच आईचं ऑपरेशन आहे. हृदयाचं. मी आल्याशिवाय आत जाणार नाही म्हणून हटून बसलीय.

राखणदार : बोला ताई मला. चार शब्द सुनावा.

पाहुणी : तुम्हाला बोलून गाडी चालणार आहे का? आणि अर्धवट तर मीच बोलले होते.

राखणदार : थांबा इथेच. मालकीणबाईंना विचारून येतो.

(थोड्या वेळाने, मालकीणबाईंच्या गाडीत.)

पाहुणी : जरा जोरात घ्या ना काका.

राखणदार : घेतो. जुनी आहे, खोकते, पण वाटेत दगा देत नाही. तुमची गाडी मालकीणबाई स्वतः चार्जिंगला जोडतायत. फोन वाजतोय बघा तुमचा.

पाहुणी : आईचाच आहे. हॅलो, आई? स्पीकरवर घेते, आवाज येत नाहीये.

आई : कुठवर आलीस गं?

पाहुणी : निघालेय. थोडा उशीर होईल.

आई : का? काय झालं?

राखणदार : माई, मी हॉटेलचा राखणदार. चूक माझी झाली. गाडी चार्जिंगला जोडायची राहिली, म्हणून मीच सोडायला येतोय.

आई : म्हणजे सकाळी सकाळी परक्या माणसाला कामाला जुंपलंस होय? बरं, ऐक. मला न्यायला आलेत.

पाहुणी : त्यांना थांबायला सांग. तूच म्हणाली होतीस, मी आल्याशिवाय जाणार नाही.

आई : म्हणाले होते. भीती वाटत होती गं. अजून वाटतेय. पण तू तिकडून जीव मुठीत धरून धावत येणार, त्याची जास्त वाटते. जाते मी.

पाहुणी : आई, मला तुझा हात धरायचा होता.

आई : बाहेर आले की धर. रडू नकोस. अहो राखणदार, ऐकताय ना?

राखणदार : ऐकतोय माई.

आई : सावकाश चालवा. आणि वाटेत तिला काहीतरी खायला घाला. मला काय, झोपवणार आहेत. जागं तिला राहायचंय.